मिरज

सांगली जिल्ह्यातील तालुक्याचे शहर आणि दक्षिण महाराष्ट्रातील महत्त्वाचे रेल्वे जंक्शन. कृष्णा नदी गावाजवळून वाहते. 1998 पासून मिरज सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिकेत आहे. आदिलशाही आणि मोगल अमलानंतर ते मराठ्यांकडे व पुढे पटवर्धनांकडे आले. 1948 मध्ये संस्थान विलीन झाले. असा इतिहास या भागातल्या बऱ्याच संस्थानी गावांचा आहे. मिरजेची खरी नवलाई वेगळीच : इथे माणसे दुखणे घेऊन आली आणि गाण्यात रमली.

कुरुंदवाडच्या विष्णु दिगंबर पलुसकरांचे डोळे लहानपणी फटाक्याने अधू झाले. उपचारासाठी त्यांना मिरजेला डॉ. भडभडे यांच्याकडे आणले. दृष्टी पूर्ववत झाली नाही, पण संस्थानिकांच्या आश्रयाने बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांची तालीम मिळाली. 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढणारा माणूस असा मिरजेत तयार झाला.

पुढे डॉ. विल्यम वॉन्लेस या मिशनरी शल्यविशारदाने 1894 मध्ये येथे इस्पितळ सुरू केले आणि मिरजेचे नाव दूरवर गेले. शाहू महाराजांनी नारायण राजहंस या मुलाला कानाच्या उपचारासाठी इथेच पाठवले होते. त्याच सुमारास किर्लोस्कर नाटक मंडळीत त्याचा शिरकाव झाला आणि 1905 मध्ये मिरजेच्या रंगभूमीवर तो ‘शाकुंतल’मधली शकुंतला म्हणून उभा राहिला. हेच बालगंधर्व.

तिसरी हकीकत किराणा घराण्याचे गायक उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची. प्लेगने ग्रासले असता त्यांनी ख्वाजा शमसुद्दीन मीरासाहेब दर्ग्यात गाऊन सेवा केली आणि ते बरे झाले, असे गावात सांगतात. आख्यायिका बाजूला ठेवली, तरी खाँसाहेब मिरजेचेच होऊन राहिले एवढे खरे. 27 ऑक्टोबर 1937 रोजी मद्रासजवळच्या सिंगपेरुमलकोइल स्थानकावर त्यांचे निधन झाले. त्यांना मिरजेत आणून दर्ग्याच्या आवारात दफन केले. उरुसात तिथे आजही संगीत सभा होते आणि देशभरचे कलाकार हजेरी लावतात. या उरुसातला पहिला गलेफ (कबरीवर घालायची चादर) अर्पण करण्याचा मान चर्मकार समाजाकडे आहे.

मिरजेतला सतार-तंबोऱ्यांसारख्या तंतुवाद्यांचा धंदा मात्र शिकलगारांनी उभा केला. तलवारी-भाल्यांना धार लावणाऱ्या या कारागिरांचे काम संस्थानी लढाया संपल्यावर बसले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास फरीदसाहेबांनी सतारी व तंबोरे दुरुस्त करता करता नवे बनवायला घेतले आणि पुढच्या पिढ्यांनी ‘सतारमेकर’ हेच आडनाव लावले. वाद्याचा भोपळा पंढरपूर-मंगळवेढा भागातून येतो. तो कडू जातीचा असतो, म्हणून गुरे तोंड लावत नाहीत. तो पुरता वाळवून कापतात, वर तबली (लाकडी झाकणफळी) बसवतात, दांडी जोडतात, मग खुंट्या, नक्षी, पॉलिश. इतके झाले तरी वाद्य बोलत नाही. घोडीचा (तारा ज्यावर टेकतात त्या पट्टीचा) माथा कानशीने अगदी सूक्ष्म उतरता घासावा लागतो. तार त्यावर हलकेच घासत राहिली की आवाजाला झंकार येतो, हीच जवारी. ती तपासायला मोजपट्टी उपयोगी पडत नाही, कानच लागतो. शस्त्राची धार पारखणाऱ्या घराण्यांना ही कानस लवकर साधली असेल, तर आश्चर्य नको. स्त्री-गायिकेचा तंबोरा लहान, पुरुषाचा मोठा, असा पट्टीनुसार भेद असतो. मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. इलेक्ट्रॉनिक तंबोरा आता मोबाइलवर फुकट वाजत असताना ते मिळाले, हेही ध्यानात घ्यावे.

कर्नाटकातून येणारे रोगी आणि गवई यांना रेल्वे सोयीची होती. रुंदीकरणापूर्वी मिरजेत मीटरगेज आणि बार्शी लाइट रेल्वेची लातूरकडे जाणारी अरुंद (नॅरोगेज) गाडी भेटत. याच लातूरकडच्या मार्गाने एप्रिल 2016 मध्ये दुष्काळग्रस्त लातूरला कृष्णेचे पाणी गेले. सुमारे 340 किलोमीटरवर पोचलेल्या पहिल्या गाडीला दहा टँकर होते आणि त्यांत पाच लाख लिटर पाणी होते. नंतर फेऱ्या वाढल्या, टँकरही वाढून पन्नास झाले.