पहाटे चारचा दमा

आजीच्या खाटेशेजारी रात्री एक लोड उभा करून ठेवलेला असायचा. पहाटे साडेतीन-चारला ती उठून बसायची, लोड मांडीवर घ्यायची आणि त्यावर कोपरं टेकून, खांदे वर ओढून श्वास घेत राहायची. श्वास सोडताना छातीतून बारीक शिट्टी वाजायची. आम्ही पोरं म्हणायचो, आजीच्या छातीत मांजर आहे. उजाडलं, गरम चहा पोटात गेला की मांजर गप्प व्हायचं आणि आजी चुलीपुढे जाऊन बसायची. "रात्री जरा दम लागला होता, आता बरी आहे."

ती बरी नव्हती, हे मला खूप उशिरा कळलं. दम्यात फुप्फुसांकडे हवा नेणाऱ्या नळ्यांना आतून सूज असते, आणि अटॅक नसतो तेव्हाही ती असते. सुजलेलं अस्तर हळवं होतं. धूर, धूळ, गार वारा, सर्दीचा विषाणू, काहीही निमित्त झालं की नळ्यांभोवतीचे स्नायू आवळतात, चिकट कफ सुटतो आणि आधीच अरुंद झालेली वाट आणखी आक्रसते. इथलं गणित फार निष्ठुर आहे. नळीचा व्यास निम्मा झाला तर संथ वाहणाऱ्या हवेला होणारा अडथळा दुप्पट होत नाही, सोळापट होतो. श्वास आत घेताना छातीबरोबर नळ्याही थोड्या ताणल्या जाऊन उघडतात, सोडताना मिटू लागतात. म्हणून दमेकऱ्याला श्वास सोडणं जास्त जड जातं, आणि शिट्टीही बहुधा तेव्हाच वाजते.

मग नेमकं पहाटे चारलाच का? आपल्या सगळ्यांच्याच श्वासनळ्या दुपारी सर्वांत मोकळ्या आणि पहाटे चारच्या आसपास सर्वांत अरुंद असतात. शरीर स्वतःच सूज आवरणारं एक संप्रेरक तयार करतं, कॉर्टिसॉल. ते सकाळी भरपूर असतं आणि मध्यरात्रीच्या सुमाराला तळाला जातं. नळ्या सैल ठेवणारं अ‍ॅड्रिनलिनही रात्री कमी होतं. निरोगी माणसाला या चढउताराचा पत्ताही लागत नाही. ज्याच्या नळ्या दिवसभर सुजलेल्या आहेत, त्याला मात्र तेवढंही पुरतं. रात्री खोकल्यानं किंवा दम लागून जाग येणं म्हणजे दिवसाचा दमा आटोक्यात नाही, असं डॉक्टर धरून चालतात. आठवड्यातून एकदा जाग येत असेल तरी ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. बरेच जण सांगत नाहीत, कारण दवाखान्यात दिवसा जातात आणि तेव्हा बरं वाटत असतं.

आजीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट होती, तिची कापसाची गादी. गादीत, उशीत, गोधडीत धुळीतले किडे राहतात. मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढे, नुसत्या डोळ्यांना जवळजवळ न दिसणारे. आपल्या अंगावरून झडणारा कोंडा हे त्यांचं खाणं. ते चावत नाहीत. त्रास होतो तो मुख्यतः त्यांच्या विष्ठेतल्या प्रथिनांचा. घरातल्या धुळीच्या अ‍ॅलर्जीमागे हे किडे आहेत, हे नेदरलँड्समधल्या लायडनच्या संशोधकांनी १९६४ साली दाखवून दिलं. हा किडा पाणी पीत नाही, हवेतला ओलावा शोषून जगतो. कोकणातला पावसाळा म्हणजे त्याचा सुकाळच. त्यात भिंतीला ओल, ओलीवर बुरशी आणि घरातच दोरीवर वाळत घातलेले कपडे.

उपाय आपल्या घरांत पूर्वीपासून आहे, कडक ऊन. उन्हात किडे सुकून मरतात. पण त्यांची विष्ठा उन्हानं जात नाही, म्हणून गादी बाहेर नेऊन झोडपायची, आणि ते काम दम्याच्या माणसानं करायचं नाही. चादरी आणि अभ्रे आठवड्याला साठ अंशांच्या गरम पाण्यात धुवायचे. गादीला घट्ट विणीची चेनवाली खोळ मिळते, तिचा मुलांना काही फायदा होऊ शकतो. पण नुसती खोळ घातली आणि मोठ्या माणसाचा दमा आवरला, असं चाचण्यांत दिसलेलं नाही. त्यामुळे खोळीच्या भरवशावर औषध थांबवू नका.

निमित्त शोधणं हे खरं तर पोलिसी तपासासारखं काम आहे. १९८० च्या दशकात स्पेनमधल्या बार्सिलोना शहरात काही ठरावीक दिवशी दम्याच्या रुग्णांची एकदम रीघ लागायची. इतर दिवशी सगळं शांत. काही वर्षांच्या तपासानंतर लक्षात आलं, की त्या दिवशी बंदरात जहाजातून सोयाबीन उतरवलं जात होतं. धान्य साठवायच्या कोठाराला गाळणी नसल्यामुळे दाण्यांच्या टरफलांची धूळ वाऱ्याबरोबर शहरभर जायची. कोठारावर गाळण्या बसवल्या आणि ती लाट थांबली.

आपापलं सोयाबीन प्रत्येकाला असंच शोधावं लागतं. एका वहीत तारीख, कुठे होतो, काय केलं आणि रात्र कशी गेली एवढंच महिनाभर लिहा. कुणाला मळणीची धूस सोसत नाही, कुणाला कडबा हलवताना त्रास होतो, कुणाला डंकावर मिरची कुटून आणली की, कुणाला ऊस तोडल्यावर पाचट पेटवतात तेव्हा. शहरात झुरळांचाही वाटा मोठा असतो. आणि धूर, मग तो देवाचा का असेना. उदबत्ती आणि धूप बंद खोलीत लावल्यावर दमेकऱ्याच्या नळ्यांना त्यातला भाव कळत नाही, फक्त कण कळतात. देवाला निरांजन आणि फूल वाहिलं तर पूजा अपुरी राहत नाही, असं मला मनापासून वाटतं. डासांच्या कॉइलबद्दल तर २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असं दिसलं होतं, की एक कॉइल जळताना ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण हवेत सोडते. दार-खिडक्या लावून, बाळाच्या पायथ्याशी कॉइल पेटवून झोपणारी किती घरं आपण पाहिली आहेत! मच्छरदाणी लावा.

बहुतेक घरांत मात्र तपास भलतीकडेच जातो. केळं बंद, दही बंद, भात बंद, लिंबू बंद. बालदम्याची कितीतरी मुलं या बंदीपायी वाळून जातात. खाण्याच्या अ‍ॅलर्जीनं दमा उसळणं हे तुलनेनं कमी वेळा घडतं. मुलांचे बहुतेक अटॅक साध्या सर्दीच्या विषाणूंनी होतात, आणि त्या विषाणूंवर अँटिबायोटिक चालत नाही. घरी आल्यावर हात धुणं आणि डॉक्टरांना विचारून दरवर्षी फ्लूची लस घेणं, यांचा उपयोग केळं बंद करण्याहून जास्त आहे.

औषधांतही निमित्तं दडलेली असतात. अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन काही दमेकऱ्यांना अजिबात चालत नाही. रक्तदाब, धडधड, अर्धशिशीसाठी दिलं जाणारं प्रोप्रॅनोलॉल तर नळ्या आवळतं. कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तरी पहिल्या वाक्यात दमा असल्याचं सांगा.

आता पंपाविषयी. पंप दोन प्रकारचे असतात, आणि सगळा घोटाळा इथे होतो. सालब्युटामॉलचा पंप आवळलेले स्नायू सैल करतो. पाच मिनिटांत मोकळं वाटतं, म्हणून तो लोकांना आवडतो. पण सुजेला तो हातही लावत नाही. सूज उतरवतो तो स्टेरॉइडचा पंप, त्याचा गुण सावकाश येतो, आणि बरं वाटलं की तोच आधी बंद केला जातो. दम्याच्या उपचारांची जागतिक मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या 'जिना' या संस्थेनं २०१९ साली स्पष्ट सांगितलं, की मोठ्या माणसांना आणि बारा वर्षांपुढच्या मुलांना नुसत्या सालब्युटामॉलवर ठेवू नये, सौम्य दमा असला तरी. सोबत सूज उतरवणारं औषध हवंच.

"स्टेरॉइड" म्हटलं की आई-वडील घाबरतात, ते साहजिक आहे. म्हणून आकडेच बघू. पंपाच्या एका फवाऱ्यात साधारण १०० ते २०० मायक्रोग्रॅम औषध असतं. अटॅक आल्यावर स्टेरॉइडच्या गोळ्या द्याव्या लागतात, तेव्हा मोठ्या माणसाचा एका दिवसाचा डोस ४० मिलिग्रॅम असू शकतो, म्हणजे ४०,००० मायक्रोग्रॅम. औषधं वेगळी असल्यानं हा हिशेब काट्यावर तोलता येत नाही, तरी अंदाज येतो. जो थेंब थेट नळीत पोचतो तो थोडा पुरतो. पंपाची सवय लागत नाही. चष्म्याची लागते का?

तो थेंब नळीत पोचतो का, हे मात्र बघायला हवं. घाईत तोंडात मारलेल्या फवाऱ्यातलं बरंचसं औषध घशालाच चिकटतं. पंप हलवून घ्या, स्पेसरच्या नळकांड्याला लावा. श्वास पूर्ण सोडा, ओठ घट्ट मिटून एकच फवारा दाबा, सावकाश खोल श्वास घ्या आणि मनात दहा मोजेपर्यंत रोखून धरा. दुसरा फवारा हवा असेल तर पुन्हा पहिल्यापासून. स्टेरॉइडचा पंप घेतल्यावर खळखळून चूळ भरून थुंका, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी धरते. दवाखान्यात पुढच्या वेळी जाल तेव्हा डॉक्टरांसमोर पंप घेऊन दाखवा. पाच-पाच वर्षं पंप घेणाऱ्यांचीही चूक तिथे सापडते.

कोजागरीच्या रात्री खिरीतून दम्याचं औषध घ्यायला आपल्याकडे माणसं लांबून येतात. रात्र-रात्र श्वासासाठी बसून काढणाऱ्याची आशा मला कळते. जाणाऱ्यांनी पंप खिशात ठेवून जावं आणि परत आल्यावर तो बंद करू नये, एवढी कळकळीची विनंती.

आजीचा दमा आईकडे आला. आईच्या फ्रिजवर एक कागद चिकटवलेला आहे, डॉक्टरांनी लिहून दिलेला. रोज सकाळ-संध्याकाळ कुठला पंप, सर्दी झाली तर किती वाढवायचा, हे वर. खाली लाल पेनानं: एक वाक्य एका दमात बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, पंपानं आराम पडत नसेल किंवा चार तासांच्या आत पुन्हा लागत असेल, तर ताठ बसवा, आडवं करू नका. आराम देणारा पंप स्पेसरमधून एकेक फवारा करून चार ते दहा वेळा द्या. १०८ ला फोन लावा आणि गाडी येईपर्यंत दर वीस मिनिटांनी तेच पुन्हा करा.