प्रिंटरची शाई पावसात का फुटते, आणि कधी कधी का फुटत नाही

पावसाळ्यात गोव्यातल्या कुठल्याही झेरॉक्सच्या दुकानात बघा, फोंड्यात म्हणा की म्हापशात, कोणीतरी एक-चौदाचा उतारा (गोव्यातला जमिनीचा कागद) नाहीतर कसलातरी दाखला छत्रीखाली सांभाळत आलेला असतो आणि तरी त्यावर दोन थेंब पडून नाव फुटलेलं असतं. शेजारच्याच्या कागदावर तेवढंच पाणी पडलंय, पण अक्षर जागचं हललेलं नाही. दोन्ही प्रिंट इंकजेटवरच काढलेले. लगेच कोणीतरी म्हणतं शाई डुप्लिकेट असणार. तसं असेलही, पण बऱ्याचदा शाई अगदी कंपनीची ओरिजिनल असते आणि तरी फुटते, कारण त्या शाईची केमिस्ट्रीच तशी असते.

इंकजेटच्या शाईत रंग दोन प्रकारे घालतात. एक डाय, म्हणजे साखर विरघळते तसा पाण्यात पूर्ण विरघळलेला रंग. रंगाचे हे रेणू चांगले मोठे असतात आणि स्वतःहून पाण्यात जायला फारसे तयार नसतात, म्हणून केमिस्ट त्यांना सल्फोनेट गट जोडतात. हा गट पाण्यात गेला की त्याच्यावर ऋणभार असतो, पाण्याचे रेणू त्याला चारी बाजूंनी धरतात आणि अख्खा रंग पाण्यात उतरतो. बाटलीत हे छानच आहे, तळाशी गाळ नाही, नोझल, म्हणजे शाई बाहेर पडायचं बारीक भोक, तुंबायची भीती कमी, रंग झगझगीत. पण तोच गट कागदावर वाळल्यावरही तिथंच असतो ना, त्यामुळं वरून पाण्याचा थेंब पडला की रंग पुन्हा विरघळतो आणि कागदाच्या तंतूंतून पसरत जातो. यावर एक युक्ती आहे, काही डायमध्ये सल्फोनेटच्या जोडीला कार्बॉक्सिल गट देतात आणि शाई किंचित अल्कलाइन (म्हणजे आम्लाच्या उलट) ठेवतात. तिथं तो गट विरघळलेला राहतो, पण कागदावर पीएच खाली आला, म्हणजे आम्लाकडे झुकला, की रंगाला पाणी नकोसं होतं आणि तो तंतूंवर बसतो. मात्र हल्लीच्या बऱ्याचशा कॉपियर कागदात कॅल्शियम कार्बोनेट भरलेलं असतं, तो कागदच अल्कलाइन असतो, तिथं ही युक्ती तेवढी चालत नाही.

दुसरा प्रकार पिगमेंट, आणि खरं सांगायचं तर मला यातली केमिस्ट्री जास्त आवडते. पिगमेंट विरघळतच नाही. काळ्या शाईत ते बहुतेक कार्बन ब्लॅक असतं, म्हणजे काजळीच, फक्त कण साधारण १०० नॅनोमीटरचे. आता काजळी पाण्यात टाकली तर गुठळ्या होऊन खाली बसायला हवी, ती वर्षभर बाटलीत तरंगत कशी राहते? पावसाळ्यात मांडवीचं पाणी लाल होतं ते आठवा. ती माती वाहत येते तेव्हा तिच्या बारीक कणांवर ऋणभार असतो, सगळे एकमेकांना ढकलत राहतात म्हणून जवळ येत नाहीत. पुढं खारं पाणी भेटलं की त्यातले सोडियम, मॅग्नेशियम, कॅल्शियमचे धनभारित आयन तो भार झाकून टाकतात, ढकलाढकली संपते आणि कण एकमेकांना चिकटून खाली बसू लागतात. शाईतल्या काजळीचंही तंतोतंत हेच. कणांच्या पृष्ठभागावर रसायनाने ऋणभारित गट बसवतात, नाहीतर कणांना भारित पॉलिमर गुंडाळतात, आणि ते एकमेकांपासून लांब राहतात.

आणि मग कागदावर हेच उलटं फिरवायचं असतं! कागदात कॅल्शियमचे आयन असले की काजळीचे कण पोचल्या पोचल्या गुठळी करून वरच्या वर बसतात आणि पाणी तेवढं खाली झिरपतं. अक्षर काळंभोर आणि धारदार दिसतं ते यामुळं. कागदाच्या काही रीमवर कलरलॉक असं चिन्ह असतं, त्या कागदात मुद्दाम कॅल्शियमसारखे क्षार घातलेले असतात ते याचसाठी. काही शाईसेटमध्ये तर रंगीत शायांतच असा क्षार टाकतात, म्हणजे पिवळ्या पट्टीला लागून काळं अक्षर आलं की काळा रंग सीमेवरच गोठतो आणि पिवळ्यात घुसत नाही.

घरी बघायचं असेल तर टिश्यू पेपरची पट्टी घ्या, खालून बोटभर वर काळ्या शाईचा ठिपका द्या, नीट वाळू द्या आणि पट्टीचं टोक पाण्यात धरा, ठिपका पाण्याच्या वर राहील असं. पिगमेंट असेल तर पाणी ठिपक्याला ओलांडून वर जातं आणि ठिपका जवळपास होता तिथंच राहतो. डाय असेल तर रंग पाण्याबरोबर वर चढतो, आणि काही काळ्या डाय शायांतून निळसर, जांभळट पट्टे वेगळे निघतात, कारण तो काळा एकाहून जास्त रंग मिळून केलेला असतो. आपल्या प्रिंटरची काळी शाई कुठली हे यावरून समजतं. घरोघरी दिसणाऱ्या इंकटँक प्रिंटरमध्ये काही मॉडेल्सना काळी पिगमेंट आणि तीन रंग डाय असतात, काहींना चारही डाय.

रंग हा तसा शाईतला थोडासाच भाग, शंभरात काही भाग फक्त. बाकी बहुतेक पाणी. छपाईच्या शाईचा इतिहास बघितला तर हे अजबच आहे, १५५६ साली गोव्यात भारतातला पहिला छापखाना आला त्या काळची शाई म्हणजे काजळी आणि शिजवलेलं अळशीचं तेल, खिळ्यांना चिकटून बसेल अशी घट्ट. इंकजेटला अशी शाई चालणारच नाही, कारण इथं शाई उडवायची असते. थेंब काही पिकोलिटरचा, म्हणजे लिटरच्या एक लाख कोटीव्या भागाच्या हिशेबातला. पाच पिकोलिटर धरला तर तो साधारण २१ मायक्रॉन रुंद भरतो, आणि एक मिलिलिटर शाईत असे २० कोटी थेंब होतात.

उडवायच्या दोन रीती. पिझो हेडमध्ये विजेच्या झटक्याने आकार बदलणारा क्रिस्टल शाईला ढकलतो. थर्मल हेडमध्ये इवलासा हीटर काही मायक्रोसेकंदांत ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापतो, लगतच्या शाईची वाफ होऊन बुडबुडा फुगतो आणि थेंब बाहेर फेकला जातो. कॅननमध्ये १९७७ साली इचिरो एंडो यांच्यासमोर तापलेली सोल्डरिंग आयर्न चुकून शाईच्या सिरिंजच्या सुईला लागली आणि टोकातून शाई उडाली, त्यावरून त्यांना ही कल्पना सुचली. एचपीने स्वतंत्रपणे तेच तत्त्व शोधलं आणि १९८४ मध्ये थिंकजेट बाजारात आणला. म्हणजे थर्मल प्रिंटरच्या शाईत पाणी हे नुसतं पातळ करायला नसतं, वाफ होऊन धक्का देणारं इंजिन तेच असतं.

आता खरी पंचाईत. शाई नोझलच्या तोंडाशी अजिबात वाळता कामा नये, आणि कागदावर मात्र पटकन वाळली पाहिजे. तोंडाशी वाळू नये म्हणून ग्लिसरीन किंवा ग्लायकॉल घालतात. ग्लिसरीनला तीन ओएच गट, तिन्ही पाणी धरून ठेवतात, आणि स्वतः ते २९० अंशांला उकळतं म्हणजे उडून जायचा प्रश्नच नाही. पण जास्त घातलं तर शाई दाट होते आणि कागदावर ओलसर राहते. शिवाय पाण्याचा पृष्ठताण ७२ मिलिन्यूटन प्रति मीटर, तेवढ्याने शाई कागदात नीट शिरत नाही, म्हणून सरफॅक्टंट, म्हणजे साबणासारखं रसायन, टाकून तो ३०-४० वर आणतात, आणि तोही फार उतरवला तर शाई नोझलबाहेर ओघळते नाहीतर कागदावर फाटे फुटतात. एक दुरुस्त करायला जावं तर दुसरं बिघडतं, चांगली शाई बनवणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर वाटतो तो यासाठी. वर बुरशीनाशक, पीएच धरून ठेवणारं ट्रायइथेनॉलअमाइनसारखं काही, धातूंचे आयन पकडायला ईडीटीए.

आपल्याकडच्या जुलैमध्ये हवाच इतकी दमट की उघड्यावरचा कागद आधीच सादळलेला, त्यात प्रिंटमधलं ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढत बसतं. डाय शाईचे फोटो म्हणूनच प्लॅस्टिकच्या कव्हरात लगेच घातले तर रंग हळूहळू सरकतात, कडा मऊ होतात. छापल्यावर एक दिवस तरी पंख्याखाली मोकळे ठेवावेत. आणि कृपा करून शाई पुरवायला बाटलीत नळाचं पाणी घालू नका, त्यातलं कॅल्शियम आणि बाकी क्षार पिगमेंटला बाटलीतच, टँकमध्येच गोठवतात. कागदावर हवं असलेलं काम हेडच्या आत झालं तर मग हेड क्लिनिंग कितीही मारा, उपयोग होईलच असं नाही.

फोटोंना दुसरा शत्रू ओझोन. निळ्या शाईत, म्हणजे सायनमध्ये, बहुधा कॉपर थॅलोसायनिन असतं. डाय म्हणून विरघळवलं की त्याचा एकेक रेणू उघडा पडतो, आणि हवेतला ओझोन त्याला फोडतो, त्यातून पटकन वाळणारा मायक्रोपोरस फोटो पेपर असला तर त्याच्या बारीक छिद्रांतून हवा आत खेळते. सायन गेला की फोटो लालसर-नारिंगी पडतो. भिंतीवर लावायचा असेल तर काचेखालीच लावा. गंमत म्हणजे हेच थॅलोसायनिन पिगमेंट म्हणून वापरलं की प्रचंड टिकाऊ, कारण एका कणात रेणूंची रास असते, वरचे गेले तरी आतले सुरक्षित.

जत्रेचे, नाटकांचे फ्लेक्स पावसात फुटत नाहीत कारण तिथं पाण्याची शाईच नसते, सॉल्व्हंट शाई पीव्हीसीचा वरचा थर मऊ करून त्यात बसते, किंवा यूव्ही शाई प्रकाश पडताच घट्ट होऊन प्लॅस्टिकच बनते. पण ऊन त्यांनाही सोडत नाही. वर्षभर उन्हात राहिलेला फ्लेक्स बघा, आधी पिवळा जातो, किरमिजी जातो, चेहरे निळे दिसायला लागतात, कारण तिथं निळा रंग थॅलोसायनिनच्या पिगमेंटचा असतो आणि काळा काजळीचा, आणि हे दोघे बाकीच्यांपेक्षा खूप जास्त टिकतात.