विक्सची डबी जर्मनीत गेली की तिचं नाव बदलतं

सर्दी झाली की आपण विक्स लावतो, पण जर्मनीत तीच डबी घ्यायला गेलात तर तिच्यावर 'विक' लिहिलेलं असतं. शेवटचा स गायब, आणि सुरुवातीला व्हीच्या जागी डब्ल्यू. जर्मन माणूस व्ही बघून बहुतेक वेळा फ म्हणतो (रानडे इन्स्टिट्यूटला नाहीतर मॅक्सम्युलर भवनला ज्यांनी जर्मन शिकलंय त्यांना हे अगदी सुरुवातीलाच कळतं, आणि चाकणचा तो कारखाना 'फोक्सवागन' असा म्हणायचा तोही याच नियमाने), म्हणजे विक्सचं होतं फिक्स, आणि हा आवाज तिथल्या एका शिवराळ क्रियापदाच्या इतका जवळ जातो की ते इथे लिहीत नाही, समजून घ्या. डब्ल्यूला मात्र ते व म्हणतात, म्हणजे स्पेलिंग बदललं म्हणून उच्चार वाचला!

पजेरोचंही तेच. नाव घेतलंय दक्षिण अमेरिकेतल्या एका रानमांजरावरून, पण स्पॅनिश बोलीत त्या शब्दाचा अर्थ चारचौघात सांगण्यासारखा नाही, म्हणून स्पेनमध्ये ती गाडी माँटेरो नावाने विकली. टोयोटाची एमआर-टू फ्रान्समध्ये नुसती एमआर झाली, कारण फ्रेंचमध्ये दोनला 'दं'सारखं काहीतरी म्हणतात आणि तिन्ही अक्षरं जोडून म्हटली की घाणेरडी शिवी ऐकू येते.

आता असं होतं कशामुळे, तर आपला कान कोरा नसतो. 1984 मध्ये जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांचा कॅनडातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात इंग्रजी बोलणाऱ्या घरातल्या बाळांना हिंदीतले त आणि ट ऐकवले होते. सहा ते आठ महिन्यांच्या बऱ्याचशा बाळांना फरक कळत होता, आणि दहा-बारा महिन्यांपर्यंत तो जवळजवळ गेलेला. म्हणजे बाळ पहिला शब्द धड बोलायच्या आधीच मेंदू ठरवून टाकतो की आपल्या घरात कोणते आवाज वेगळे धरायचे आणि कोणते एकाच खणात टाकायचे. कुठल्याही इंग्रज पाहुण्याला 'ताट' म्हणायला सांगून बघा, पहिला त आणि शेवटचा ट त्याच्या तोंडून सारखाच निघतो, आणि आपल्याला वाटतं मुद्दाम करतोय, पण त्याला खरंच ऐकू येत नाही. परका ब्रँड कानावर पडला की त्याचे आवाज आधी आपल्या खणांत बसतात, आणि तसाच एखादा शब्द घरात असेल तर मेंदू तो न विचारता काढून देतो, नको म्हणून थांबवता येत नाही.

याचं माझं आवडतं उदाहरण इराणचं. तिथे 'बर्फ' नावाची कपडे धुवायची पावडर मिळते, फारसीत बर्फ म्हणजे हिम, म्हणजे हिमासारखं पांढरंशुभ्र. आपल्याला यात काहीच खटकत नाही, उलट नाव चांगलंच वाटतं, शब्द मुळात तिकडूनच तर आलाय. अमेरिकन माणूस मात्र ते पाकीट बघून हसत सुटतो कारण त्याच्या बोलीत बार्फ म्हणजे उलटी.

पण इथे एक गोष्ट लोक नेहमी वाढवून सांगतात. शेवरोलेची नोव्हा गाडी स्पॅनिश देशांत आपटली कारण 'नो व्हा' म्हणजे 'चालत नाही', हा किस्सा मार्केटिंगच्या वर्गात हमखास ऐकवतात, आणि तो खोटा आहे. गाडी मेक्सिको आणि व्हेनेझुएलात व्यवस्थित विकली गेली, मेक्सिकोच्या सरकारी तेल कंपनीने तर नोव्हा नावाचं पेट्रोलच विकलं. स्पॅनिशमध्ये नोव्हाचा जोर नोवर पडतो आणि 'नो व्हा' म्हणताना व्हावर, त्यामुळे तिथल्या माणसाला ते दोन वेगळेच आवाज वाटतात. शिवाय संदर्भ असतोच की, शाळेत पालकसभा आहे म्हटल्यावर कोणाला भाजी आठवते? चेक भाषेत स्कोडा म्हणजे नुकसान किंवा 'अरेरे', आणि ते मूळ स्कोडा उद्योगाचे संस्थापक एमिल स्कोडा यांचं आडनाव आहे, तरी चेक लोक त्या गाड्या घेतातच ना. बाटा म्हणजे स्वाहिलीत बदक, म्हणून केनियात काही चपला विकायच्या राहिल्या नाहीत.

मग विक्स आणि पजेरोला नाव का बदलावं लागलं? मला वाटतं फरक भावनेचा आहे. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तुर्की आणि इंग्रजी दोन्ही बोलणाऱ्या लोकांच्या बोटांना इलेक्ट्रोड लावून त्वचेला येणारा बारीक घाम मोजला. साध्या शब्दांना फारसं काही नाही, पण शिव्यांना त्वचा लगेच प्रतिसाद देते, आणि लहानपणी ऐकलेली रागावण्याची वाक्यं तुर्कीतून ऐकवली की इंग्रजीपेक्षा कितीतरी जास्त. संदर्भ 'नुकसान' पुसून टाकू शकतो, शिवी नाही, ती आधी अंगावर येते आणि गाडी नंतर दिसते.

भीतीचंही असंच, आणि ते टाटा मोटर्सच्या वाट्याला आलं. पुणे, इटली आणि ब्रिटनच्या स्टुडिओंमधून डिझाइन झालेल्या छोट्या गाडीचं नाव ठेवलं होतं झिका, 'झिप्पी कार' यातून काढलेलं, पण 2016 च्या सुरुवातीला ब्राझीलकडून झिका विषाणूच्या बातम्या यायला लागल्या, 1 फेब्रुवारीला जागतिक आरोग्य संघटनेने आणीबाणी जाहीर केली आणि दुसऱ्याच दिवशी कंपनी म्हणाली नाव बदलतो. ऑटो एक्स्पोत गाड्या मात्र झिकाचा बिल्ला लावूनच उभ्या होत्या, तेवढ्यात बदलणार कसं. मग लोकांकडून नावं मागवली, मतदान घेतलं आणि टियागो ठरलं, आणि तेव्हा त्यांचा ब्रँड ॲम्बेसेडर होता मेस्सी, ज्याच्या मोठ्या मुलाचं नाव थियागो!