भुंग्याचा ठसा

हुमेलची बाहुली, म्हणजे जर्मन बनावटीची चिनीमातीची छोटी मूर्ती, हातात आली की जाणकार तिचा चेहरा नंतर बघतो, आधी ती पालथी करतो. तळाला कारखान्याच्या ठशात मुकुट दिसला तर ती साधारण १९५० च्या आधीची. ‘व्ही’ अक्षरात उडणारा भुंगा असेल तर नंतरची. जर्मनमध्ये ‘हुमेल’ म्हणजे भुंगाच. नाव मात्र आलं ते बेर्टा हुमेल या चित्रकर्तीवरून.

बव्हेरियातल्या मासिंगला १९०९ साली जन्मलेली बेर्टा म्युनिकला चित्रकला शिकली आणि १९३१ मध्ये झीसनच्या मठात जाऊन नन झाली. तिने काढलेली गोबऱ्या गालांची, छत्र्या-टोपल्या घेतलेली खेड्यातली मुलं पोस्टकार्डांवर छापली जात. कोबुर्गजवळ गोबेल घराण्याचा चिनीमातीच्या वस्तूंचा १८७१ पासूनचा कारखाना होता. फ्रांझ गोबेल यांनी ती चित्रं पाहिली, मठाशी बोलणी केली आणि १९३५ च्या लाइपझिगच्या व्यापारी जत्रेत पहिल्या बाहुल्या मांडल्या. एकेका बाहुलीचे हात, डोकं, टोपली वेगवेगळ्या साच्यांत ओतायचं, ओलं असतानाच जोडायचं, भाजायचं आणि शेवटी हाताने रंगवायचं. काम चिकाटीचं.

नाझींना ही मुलं रुचली नाहीत. १९३७ मध्ये त्यांच्या एका वृत्तपत्राने चित्रांची जाहीर टर उडवली. १९४० मध्ये मठच ताब्यात घेतला. क्षयाने १९४६ मध्ये सिस्टर गेल्या, वय अवघं ३७. खरा खप त्यांनी पाहिलाच नाही.

तो खप आणला अमेरिकन सैनिकांनी. दुसऱ्या महायुद्धानंतर कारखाना त्यांच्याच ताब्यातल्या भागात आला होता. कालच्या शत्रूच्या देशातून आईला नाहीतर बायकोला पाठवायला याहून निरुपद्रवी वस्तू कुठली मिळणार? मग अमेरिकेत घरोघरी काचेची कपाटं भरली. १९७७ मध्ये कंपनीने संग्राहकांचा क्लबच काढला. हौसेची गुंतवणूक झाली.

आणि तिथेच घोळ होता, असं मला वाटतं. गुंतवणूक म्हटल्यावर कोणी बाहुली फोडली नाही, टाकली नाही, आणि कारखाना नव्या काढतच राहिला. संग्राहक थकले, मुलांना त्या नको होत्या, ईबेवर ढीग लागले, भाव कोसळले. गोबेलने २००८ मध्ये हुमेलचं उत्पादन थांबवलं. त्याच गावात ते पुढे चालवणारी नवी कंपनी २०१३ मध्ये दिवाळखोरीत गेली.

मधल्या काळात, १९७९ च्या सुमारास, ठशातून भुंगा काढला होता. २००० मध्ये तो परत आणला, पण तोवर बाहुल्या पालथ्या करून बघणारेच कमी झाले होते.