रिम-ब्रेकचा आवाज (सायकल)

ब्रेक दाबल्यावर ब्रेकचे रबर आणि रिम (चाकाचे बाहेरचे कडे) यांच्या घर्षणातून निघणारी किंचाळी, खरखर किंवा ठोके. कॅलिपर, कँटिलिव्हर व व्ही-ब्रेक या तिन्ही प्रकारांत ते ऐकू येतात. आवाजाच्या जातीवरून बिघाडाची जागा बरीचशी ओळखता येते.

कारणमीमांसा : किंचाळी ही मुळात कंपनाची असते. रबर रिमला चिकटते, फिरती रिम त्याला पुढे ओढते आणि ब्रेकची भुजा किंचित पिळली जाते; ताण घर्षणाला आवरेनासा झाला की रबर सुटून मागे येते व पुन्हा चिकटते. जुन्या मांडणीनुसार याचे मूळ रबराच्या गुणधर्मात आहे : घसरण्याचा वेग वाढताना घर्षण-गुणांक (घर्षणाचे माप) घटत असेल, तर कंपने वाढत जातात. आर. टी. स्पर यांनी १९६१ च्या सुमारास मोटारींच्या ब्रेकसंबंधी मांडलेली उपपत्ती वेगळी आहे. घर्षण-गुणांक स्थिर असला तरी आधाराचा कोन व लवचीकपणा यांमुळे भाग अडकून सुटू शकतो, असे ती सांगते. सायकलीच्या बाबतीत हे दुसरे स्पष्टीकरण अधिक पटते; कारण रबर आणि रिम तीच ठेवून नुसता रबराचा कोन बदलला तरी आवाज पुष्कळदा थांबतो. तथापि पाणी किंवा तेलाचा ओशटपणा लागताच गप्प असलेला ब्रेक वाजू लागतो, त्यामुळे पृष्ठभागाचा वाटाही नाकारता येत नाही.

दुरुस्ती : बहुतेक जण आधी कोन बदलतात. हा क्रम चुकीचा आहे. भुजा ढिली असेल तर बसवलेला कोन टिकत नाही. प्रथम भुजा हाताने पुढे-मागे हलवून पिव्हटमधील (भुजा जिच्यावर फिरते त्या खिळीतील) ढिलेपणा काढावा. मग पुढचा ब्रेक दाबून सायकल मागे-पुढे ढकलावी आणि हेडसेटच्या (हँडल व फोर्क जिथे चौकटीत फिरतात त्या बेअरिंगच्या) सांध्यावर बोट ठेवावे. खटका जाणवला तर दोष तिथे आहे. त्यानंतर रिम आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी. रबर काढून उजेडात धरावे : काचेसारखी चकाकी दिसली, तर सपाट जागी ठेवलेल्या ८० ते १२० नंबरच्या पॉलिश पेपरवर ते घासावे. खरखर बहुधा रबरात रुतलेल्या ॲल्युमिनियमच्या चकचकीत कणांची असते. ते सुईने उपसून काढावेत, नाहीतर रिमवर चरे पडत राहतात. वयाने कडक झालेले रबर घासून सुधारत नाही, ते बदलावे.

कोन शेवटी. रबराच्या मागच्या टोकाखाली सुमारे १ मिमी जाड पुठ्ठ्याची पट्टी ठेवून ब्रेक दाबून धरावा, रबर रिमच्या मधोमध आणून नट आवळावा आणि पट्टी काढावी. यामुळे सायकलच्या पुढच्या दिशेचे टोक आधी टेकते, आणि जोर वाढून भुजा पिळली की पूर्ण रबर सपाट बसते. व्ही-ब्रेकमध्ये अंतर्वक्र-बहिर्वक्र वॉशरांच्या जोडीमुळे हे सोपे जाते. असे वॉशर नसलेल्या जुन्या कॅलिपरची भुजा पान्याने जपून वाकवतात. रबर झिजत जाते तसा कोन नाहीसा होतो, म्हणून तो अधूनमधून पुन्हा पाहावा.

पुढच्या कँटिलिव्हर ब्रेकचा थरथराट निराळा. त्याच्या केबलचा आधार हेडसेटपाशी असतो. ब्रेक लागताच फोर्क (पुढचे चाक धरणारा चिमटा) मागे वाकतो, आधार व ब्रेक यांतील अंतर वाढून केबल आपोआप ताणली जाते, पकड अधिक घट्ट होते. रबर निसटले की फोर्क पुढे झेपावतो. आधार फोर्कच्या क्राउनवर (दोन्ही पाय जुळतात त्या माथ्यावर) बसवल्यास हे चक्र तुटते. नुसते रबर बदलून फारसा उपयोग होत नाही.

चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात एकच ठोका येत असेल, तर रिमचा जोड वर-खाली झाला आहे किंवा तिथे पोचा आहे. चाक आउट (वाकडे) असेल तर तेही त्याच तालात घासते. आरे आवळून-सैल करून आउट काढावा. नव्या रिमवरील बारीक रेषांची गुणगुण काही दिवसांत आपोआप विरते. कार्बन रिमला तिच्यासाठीच बनवलेले रबर लागते. तिच्यावर पॉलिश पेपर चालवू नये. ॲल्युमिनियम रिमच्या भिंतीवर पट्टी टेकवून मध्ये खोलगटपणा दिसला, किंवा झिजेची खूण म्हणून दिलेली खाच झिजून नाहीशी झाली असेल, तर रिमच बदलावी. पातळ झालेली भिंत टायरमधल्या हवेच्या दाबाने फुटू शकते.