कवटी न उघडता मेंदूज्वर कसा दिसायला लागला

ताप, मग आकडी, मग माणूस घरच्यांनाच ओळखेना. मेंदूज्वरात, म्हणजे मेंदूला सूज आली की, असं होतं, आणि मग खानापूर, निपाणी, चंदगडकडचे लोक पेशंटला गाडीत घालून बेळगाव गाठतात आणि पोचल्या पोचल्या विचारतात, स्कॅन कधी करणार? पण तपासायला पाठीतलं पाणी, म्हणजे मेंदू आणि मणक्याभोवतीचा द्रव, काढायचं म्हटलं की पाय लुळे पडतील या भीतीनं सही करायला तयार होत नाहीत. यात वेळ जातो, म्हणून ही मागची गोष्ट सांगावीशी वाटली.

साध्या एक्सरेत कवटी दिसते, मेंदू दिसत नाही. 1919 मध्ये वॉल्टर डँडी या अमेरिकन मेंदूच्या सर्जननं मेंदूभोवतीचं पाणी काढून तिथं हवा भरून एक्सरे काढायची रीत आणली, पेशंटचे हाल व्हायचे आणि व्हायरसची सूज त्यात नीट कळायची नाही. ओठावर फोड आणणारा हर्पीस मेंदूत गेला तर उपचाराशिवाय शंभरात सत्तरेक दगावायचे, आणि तोच आहे याची खात्री करायला कवटीला भोक पाडून मेंदूचा तुकडा काढायचे! 1977 साली विडारॅबिन या हर्पीसवरच्या औषधाचा अभ्यास झाला तोसुद्धा अशाच बायोप्सीच्या जोरावर.

1 ऑक्टोबर 1971 ला लंडनमध्ये पहिल्या पेशंटच्या मेंदूचा सीटी, म्हणजे एक्सरेनं आतले काप दाखवणारा स्कॅन, झाला. मोठीच गोष्ट, पण हर्पीसमध्ये पहिले काही दिवस सीटी नॉर्मल येऊ शकतो, आणि "स्कॅन क्लिअर आहे" म्हणून पेशंटला घरी नेणारे लोक आजही आहेत, ते बघून जीव तुटतो. 1980 नंतर चुंबकाच्या जोरावर फोटो काढणारा एमआरआय दवाखान्यात आला, त्यात कानशिलाच्या आतल्या भागातली सूज लवकर दिसते. त्याच दशकात असायक्लोविर हे हर्पीसवरचं औषध आलं, 90 च्या दशकात पाठीतल्या पाण्यातून व्हायरस शोधणारी पीसीआर तपासणी आली, आणि भोक पाडायची वेळ क्वचितच यायला लागली. म्हणजे ते काम एकट्या स्कॅननं केलेलं नाही, पाण्याचाही त्यात तेवढाच वाटा.

आपल्याकडे भातशेती, म्हणून जपानी मेंदूज्वराचंही बघायला लागतं. भारतात तो 1955 ला वेल्लोर भागात सापडला, नंतर कर्नाटकात कोलार, मंड्याकडे साथी आल्या. डुक्कर आणि बगळ्यांतून डासामार्फत येतो, लस आहे, व्हायरस मारणारं औषध नाही. त्यात एमआरआयवर बहुतेकदा मेंदूच्या मधोमध दोन्ही बाजूंचा थॅलॅमस नावाचा भाग सुजलेला दिसतो. पण फोटो अंदाज देतो, व्हायरसचं नाव रक्ताच्या आणि पाठीतल्या पाण्याच्या तपासणीतच कळतं, आणि टीबीचा मेंदूज्वर आहे का हेही बघायला तेच पाणी लागतं, त्याची औषधं तर पूर्ण वेगळी. हर्पीसची शंका असली तर डॉक्टर रिपोर्टची वाट न बघता असायक्लोविर चालू करतात, ते करू द्या आणि पाण्यासाठीची सहीही त्याच दिवशी द्या.