दर माणशी किती? भारतीय कारखानदारीच्या उत्पादकतेची पार्श्वभूमी

भारतीय कारखान्यांच्या उत्पादकतेचे आकडे आले की चर्चा दोनच वाटांनी जाते: कामगार कमी पडतो किंवा यंत्र जुने आहे. शंभर वर्षांचा माग काढला तर दोन्ही उत्तरे अपुरी पडतात. कापसाची प्रत, यंत्राचा खोळंबा, गोदामातला साठा, परवान्याच्या अटी आणि खुद्द मोजण्याची रीत यांनी हा आकडा जितका घडवला, तितका माणसाच्या हाताच्या वेगाने घडवलेला नाही.

वादाची सुरुवात मुंबईच्या गिरण्यांत झाली. १९२८च्या आरंभी ससून समूहाच्या गिरण्यांत विणकराला दोनऐवजी तीन साचे (माग) आणि त्रासनखात्यातल्या, म्हणजे सूतकताईच्या, कामगाराला एका बाजूऐवजी दोन बाजू सांभाळायला सांगण्यात आले. पुढे एप्रिल ते ऑक्टोबर असा जवळजवळ सहा महिने संप चालला. सुमारे दीड लाख कामगार त्यात होते आणि गिरणी कामगार युनियन याच लढ्यातून उभी राहिली. मालकांचे म्हणणे होते की इंग्लंडमधल्या लँकेशायरचा विणकर चार साचे चालवतो, अमेरिकेतला त्याहून जास्त. हे खरेच होते. १९१० सालच्या आकडेवारीवरून ग्रेगरी क्लार्क या अर्थतज्ज्ञाने दाखवले आहे की अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागातल्या सूतगिरणीतला एक कामगार जेवढे काम उरकत असे, तेवढ्यासाठी भारतात, चीनमध्ये किंवा जपानमध्ये जवळजवळ सहा माणसे लागत.

पण साच्याजवळ प्रत्यक्ष काय घडते ते पाहिल्याशिवाय या तुलनेचा अर्थ लागत नाही. साध्या मागावर आडवे सूत नेणाऱ्या धोट्यातली कांडी संपली की माग थांबवून हाताने नवी कांडी घालावी लागते. वीस नंबरी सुताची एक औंस कांडी घेतली, तर तिच्यावर साधारण १,०५० वार सूत बसते. चाळीस इंची कापडात धोट्याच्या एका फेरीला वारभराहून थोडे जास्त सूत लागते. धोटा मिनिटाला २०० फेऱ्या मारत असेल, तर कांडी साडेचार ते पाच मिनिटांत रिकामी होते. म्हणजे एका साच्यामागे तासाला बारा-तेरा वेळा कांडी बदलणे आले आणि तीन साच्यांवर जवळपास चाळीस वेळा. त्यात ताण्याचे, म्हणजे उभ्या सुताचे, तार तुटणे वेगळे. तुटलेले टोक शोधून, फणीतून ओवून, गाठ मारायला मिनिटभर सहज जाते. तो तार सांधत असताना दुसऱ्या साच्याची कांडी संपली तर तो साचा नुसता उभा राहतो. साचे वाढवले की हा खोळंबा साच्यांच्या प्रमाणात वाढत नाही, त्याहून वेगाने वाढतो.

तार किती तुटणार हे विणकराच्या हातात नसते. आखूड धाग्याच्या स्वस्त कापसातून झेपेल त्याहून बारीक सूत काढले, खळ नीट बसली नाही किंवा खात्यातली हवा कोरडी पडली, की तुटी वाढतात. मजुरी कापडाच्या नगावर, त्यामुळे सूत खराब आले की कमाई विणकराची घटायची आणि कापडातल्या दोषाचा दंडही त्याच्याच माथी बसायचा. तिसऱ्या साच्याला झालेला विरोध या हिशोबातून आला होता. सूत सुधारून मग साचे वाढवले असते तर बोलणी वेगळी झाली असती, असे आम्हाला ठामपणे वाटते.

जपानच्या उदाहरणाने या मताला बळ मिळते. १९१० साली तो भारताच्या बरोबरीने मागे होता. तिथल्या गिरण्यांनी वेगवेगळ्या देशांचा कापूस काटेकोर मिसळून सुताची ताकद सांभाळली. १९२४ मध्ये टोयोडाचा स्वयंचलित माग आला. सूत संपत आले की तो न थांबता धोटाच बदलत असे. १९२९ मध्ये प्लॅट ब्रदर्स या इंग्लंडच्या नामांकित यंत्रकंपनीने त्याचे हक्क विकत घेतले. त्याच वर्षी जपानमध्ये स्त्रियांची रात्रपाळी बंद झाली आणि उरलेल्या तासांत जास्त काम काढण्याची निकड आणखी वाढली. मुंबईत मात्र गिरणीचा कारभार पाहणाऱ्या व्यवस्थापकीय एजंटांचे कमिशन सुरुवातीच्या काळात उत्पादनावर, दर पौंडामागे पाव आणा असे ठरलेले असे. ज्याची मिळकत वजनावर अवलंबून, तो सुताच्या तुटी मोजायला कशाला बसेल?

स्वातंत्र्यानंतर हा विषय सरकारच्या हाती आला. १९५२ ते ५४ या काळात आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचे उत्पादकता पथक अहमदाबाद-मुंबईच्या गिरण्यांत आणि कलकत्त्याच्या अभियांत्रिकी कारखान्यांत काम करत होते. घड्याळ लावून कामाचा अभ्यास करणे आणि यंत्रांची मांडणी बदलणे ही त्याची मुख्य हत्यारे. १९५३ मध्येच अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस यांनी एक प्रयोग केला. स्वयंचलित मागांच्या खात्यात विणकर, कांडीवाला, तेलवाला, सफाईवाला असा प्रत्येक जण वेगवेगळ्या संख्येच्या मागांना बांधलेला होता. त्यामुळे एक माग थांबला तर तो नेमका कोणाचा, हेच ठरत नसे. मागांचा एक ठरावीक गट एका छोट्या टोळीकडे सोपवल्यावर उत्पादन वाढले आणि खराब कापडही घटले. यंत्रे तीच होती.

१९५७च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेत सुसूत्रीकरणाच्या, म्हणजे कमी माणसांत जास्त काम बसवण्याच्या, अटी ठरल्या: कोणाची नोकरी जाऊ नये, कामाचा बोजा शास्त्रशुद्ध मोजावा, फायद्यात कामगाराचा वाटा असावा. १२ फेब्रुवारी १९५८ला सरकार, मालक आणि कामगार अशा तिघांची राष्ट्रीय उत्पादकता परिषद स्थापन झाली. १२ ते १८ फेब्रुवारीचा उत्पादकता सप्ताह तिथूनच आला. पाठोपाठ १९५९पासून वार्षिक उद्योग पाहणी सुरू झाली. वीज वापरणारे किमान १० कामगारांचे आणि बिनविजेचे किमान २० कामगारांचे नोंदणीकृत कारखाने तिच्यात येतात. १९७२चे एक वर्ष वगळता ही मालिका सलग आहे आणि देशाच्या उत्पादकतेबद्दल आपण जे काही खात्रीने बोलतो, त्याचा मोठा भाग तिच्यावर उभा आहे.

पुढची पंचवीस वर्षे धोरणांनी आकडा दाबून धरला. १९५१च्या उद्योग कायद्याने क्षमता परवान्यात लिहून दिली. तिच्या फार पुढे उत्पादन नेले तर तो नियमभंग ठरे. १९५६च्या सुमारास गिरण्यांची मागसंख्या गोठवली गेली. विणकाम मग भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांकडे सरकले आणि त्यांतले कित्येक माग गिरण्यांनी काढून टाकलेलेच होते. १९६७ मध्ये ४७ वस्तू लघुउद्योगांसाठी राखीव झाल्या. १९७८पर्यंत ही यादी ८००च्या वर गेली. लघुउद्योग कोणता, हे यंत्रांतल्या गुंतवणुकीच्या मर्यादेवर ठरे. ती १९६६ मध्ये साडेसात लाख रुपये होती, १९७५ मध्ये १० लाख, १९८० मध्ये २० लाख. धंदा वाढला की मालक दुसरे मोठे यंत्र घेण्याऐवजी बायकोच्या किंवा भावाच्या नावावर शेजारी दुसरे युनिट काढत असे. परिणामी दोन ठिकाणी दोन फिटर, दोन बॉयलर, दोन हिशोबनीस, आणि कोणतेच यंत्र पुऱ्या पाळीभर चालत नाही. राखीव यादीतल्या शेवटच्या २० वस्तू मुक्त व्हायला २०१५चा एप्रिल उजाडला.

ऐंशीच्या दशकात आकडा वर गेला का, यावर अर्थतज्ज्ञांत मोठा वाद झाला. तो समजून घेण्याजोगा आहे, कारण तीच चूक आजही होते. ईशर जज अहलुवालिया यांनी ऐंशीच्या दशकात एकूण घटक उत्पादकतेने उसळी घेतल्याचे मांडले. एकूण घटक उत्पादकता म्हणजे भांडवल आणि श्रम यांच्या वाढीचा वाटा वजा केल्यावर उरलेली वाढ. १९९४ मध्ये बालकृष्णन आणि पुष्पांगदन यांनी दाखवले की दुहेरी भावसमायोजन केले, म्हणजे तयार माल आणि कच्चा माल यांतली भाववाढ वेगवेगळी वजा केली, तर ही उसळी दिसत नाही.

गणित सोपे आहे. एका कारखान्याचे उत्पादन १०० रुपये, कच्चा माल ७० रुपये, मूल्यवर्धन ३० रुपये धरा. पुढे नग तेवढेच राहिले, पण तयार मालाचा भाव १० टक्क्यांनी आणि कच्च्या मालाचा ४ टक्क्यांनी वाढला. आता उत्पादन ११० रुपये, कच्चा माल ७२.८० रुपये, मूल्यवर्धन ३७.२० रुपये. या मूल्यवर्धनाला तयार मालाच्याच भावाने भागले तर ३३.८० रुपये येतात, म्हणजे जवळपास १३ टक्के ‘वाढ’. उत्पादन आणि कच्चा माल वेगवेगळ्या भावांनी भागले तर १०० वजा ७०, पुन्हा ३०. कारखान्यात काहीच बदललेले नाही. २०१४-१५ मध्ये तेलाचे भाव कोसळले, तेव्हा कारखानदारीच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या आकड्यांवर याच मुद्द्यावरून पुन्हा वाद पेटला.

२४ जुलै १९९१च्या औद्योगिक धोरणाने १८ उद्योग सोडून परवाने रद्द केले. उत्पादकता लगेच झेपावेल ही अपेक्षा मात्र फसली. बाजार खुला झाल्यावर कंपन्यांनी आधी यंत्रे घेतली; ती पुऱ्या क्षमतेने चालायला वर्षे गेली आणि तोवर हिशोबात भांडवल फुगलेले, उत्पादन मागे, असेच चित्र राहिले. फळ दिसले ते वाहन उद्योगात आणि त्याच्या पुरवठादारांत. मारुतीची पहिली मोटार डिसेंबर १९८३ मध्ये बाहेर पडली आणि तिच्याबरोबर वेळेवर व दोषरहित सुटे भाग मागणारा ग्राहक आला. १९९८ मध्ये सुंदरम-क्लेटनला गुणवत्तेसाठीचे जपानचे डेमिंग पारितोषिक मिळाले, २००३ मध्ये महिंद्राच्या ट्रॅक्टर विभागाला.

छोट्या-मध्यम कारखान्यांत काय अडते, याचा सर्वांत स्वच्छ पुरावा महाराष्ट्राच्या सीमेवरचा आहे. २००८पासून अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी तारापूर आणि उंबरगाव इथल्या १७ कापड कंपन्यांच्या २८ कारखान्यांत ३८ व्यवस्थापन-पद्धती तपासल्या. काही कारखान्यांना महिनाभराच्या पाहणीनंतर चार महिने सल्लागार दिले, तुलनेसाठीच्या कारखान्यांना फक्त पाहणी. सल्लागारांनी नवे यंत्र आणले नाही. माग कशाने आणि किती वेळ थांबला याची रोजची नोंद, कापडातल्या दोषांची प्रकारवार यादी, सुताच्या प्रत्येक पोत्यावर नंबर, रंग आणि वय सांगणारी चिठ्ठी, ठरल्या दिवशी देखभाल, सकाळची छोटी बैठक, एवढेच. पहिल्या वर्षात उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली. आधी हे का केले नाही? बहुतेक मालकांना आपली गुणवत्ता ठीकच वाटत होती, कारण दोष कोणी मोजतच नव्हते. कंपनीचा आकारही घरात विश्वासाचे पुरुष किती यावर ठरत होता. बाहेरच्या व्यवस्थापकाच्या हाती सूत सोपवायची तयारी नव्हती. आठ-नऊ वर्षांनी पुन्हा पाहिले तेव्हा स्वीकारलेल्या पद्धतींपैकी सुमारे निम्म्या सुटल्या होत्या. व्यवस्थापक बदलला की नोंदवही बंद पडत होती. तरीही तुलनेच्या कारखान्यांपेक्षा हे कारखाने पुढेच होते.

आजचा आकडा वाचताना तीन ठिकाणी पाय घसरतो. २०२२-२३च्या वार्षिक पाहणीत सुमारे १.८५ कोटी माणसे आणि सुमारे २२ लाख कोटी रुपयांचे मूल्यवर्धन आहे, म्हणजे दर माणशी जवळपास १२ लाख. त्याच वर्षी असंघटित बिगरशेती आस्थापनांत, व्यापार आणि सेवा धरून, ते दर माणशी १.४ लाखाच्या आसपास होते. पहिल्या आकड्यावरून देशाची कारखानदारी ओळखू पाहणे चूक, कारण कारखानदारीतली बहुसंख्य माणसे त्या पाहणीच्या बाहेर आहेत. दुसरी गोष्ट कंत्राटी कामगारांची. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस सहा कामगारांत एक कंत्राटी होता, आता पाचांत दोन आहेत. त्यांची गणना पाहणीत होते; पण सफाई, उपाहारगृह, वाहतूक किंवा देखभाल पूर्णपणे दुसऱ्या कंपनीकडे गेली की ती माणसे कारखान्याच्या पटावरून जातात आणि दर माणशी आकडा काम न सुधारता वाढतो. तिसरी गोष्ट जोडणीच्या धंद्याची. समजा २०,००० रुपयांच्या मोबाइलमध्ये १८,००० रुपयांचे सुटे भाग बाहेरून आले, तर दर माणशी उलाढाल डोळे दिपवते, पण दर माणशी मूल्यवर्धन त्याच्या दहाव्या भागाएवढेच राहते.

त्यात नव्या श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झाल्या आहेत. कारखान्याच्या व्याख्येचा उंबरठा त्यांत विजेसह २० आणि विजेविना ४० कामगारांवर गेला आहे. वार्षिक पाहणीची यादी नोंदणीकृत कारखान्यांवर बेतलेली असल्याने १० ते १९ कामगारांचे, कमी मूल्यवर्धनाचे कारखाने यादीतून निसटले तर सरासरी आपोआप वर सरकेल. पुढच्या फेऱ्यांचे आकडे मागच्यांशी ताडताना आधी २० कामगारांखालचे कारखाने दोन्हीकडून वेगळे काढावेत आणि मगच वाढ किती ते सांगावे.